मुलचेऱ्यात घोडा नाही

टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये रोहन नावाचं एक राज्य आहे. स्वारांचं राज्य. नजर पोचेल तिथवर गवत, गवतात घोड्यांचे कळप, टेकडीवर एदोरास ही राजधानी आणि तिच्या माथ्यावर सोनेरी छपराचा राजवाडा. या लोकांचा मूळपुरुष एओर्ल. शेजारच्या गोंडोर राज्यावर बाका प्रसंग आला तेव्हा तो उत्तरेतून घोडदळ घेऊन धावला, हातची गेलेली लढाई त्यानं फिरवली, आणि गोंडोरच्या कारभाऱ्यानं खूश होऊन एक अख्खा मुलूख त्याला तोडून दिला. इंग्रज वाचकाला यात त्याचे जुने सॅक्सन पूर्वज दिसत असतील. आपल्याला सरळ सरंजाम दिसतो. कामगिरी केली, मुलूख मिळाला, पुढच्या पिढ्यांनी तो खाल्ला आणि गाजवला.

ही कादंबरी मी गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्यात वाचली. माझ्या वर्गात दोन रोहन आहेत. त्यांना हे सांगितलं तेव्हा दोघंही दिवसभर छाती काढून हिंडले.

मी मूळचा साताऱ्याकडचा. आमच्याकडे घोडेस्वारांच्या राज्याची ओळख करून द्यावी लागत नाही. चौकात पुतळा असतो, पुतळ्याखाली घोडा असतो, आणि घोड्याचा कोणता पाय उचललेला म्हणजे काय, यावर पानाच्या ठेल्यापाशी वाद असतो. आमच्या घराण्यातही कुणी बारगीर होता म्हणतात. पुरावा काय, तर एक रिकीब. लोखंडी, रुंद तळव्याची, एका बाजूनं झिजून पातळ झालेली. दुसरी कुठं गेली ते कुणाला ठाऊक नाही. आजी ती रिकीब लोणच्याच्या दादऱ्यावर वजन म्हणून ठेवायची. खाराचं पाणी लागून लागून तिच्यावर तांबूस पापुद्रे सुटले होते, आणि चुलते ते नखानं खरवडून 'हे पानिपतचं रक्त' असं आम्हा पोरांना सांगत. आम्ही ते बरीच वर्षं खरं मानलं.

अशा घरातून मुलचेऱ्यात आलो की पहिलं काय खटकतं? इथं घोडा नाही. गाई आहेत, म्हशी आहेत, शेळ्या आहेत, बैल तर आहेतच. घोडा मात्र मी अजून पाहिला नाही, लग्नाच्या वरातीतसुद्धा नाही. नवरदेव बोलेरोतून येतो.

याला कारण आहे, आणि ते भावनेचं नाही, पोटाचं आहे. घोडा हे फार महागडं जनावर. त्याला मोकळी कोरडी जमीन लागते, भरपूर गवत लागतं आणि वर रोजचा तोबरा लागतो. तोबऱ्यात हरभरा लागतो. खरारा करायला माणूस लागतो, नाल ठोकायला नालबंद लागतो. भीमेच्या खोऱ्यातली ठेंगणी, काटक भीमथडी तट्टं देशावरच्या माळरानात वाढली ती त्या माळरानामुळं. इकडे वर्धा आणि वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता वाहू लागते, त्या टापूत साग, ऐन, बिजा, मोह आणि खाली बांबू. पावसाळ्यात नाले भरले की गावाचा गावाशी संबंध तुटतो. शेत भाताचं, म्हणजे चार महिने चिखल. चिखलात खूर नरम पडतो. त्यात मोठ्या चावऱ्या माश्या, आणि त्यांच्यातून पसरणारा सर्रा हा रोग. सर्रा झालेला घोडा झुरत झुरत मरतो. रोहनचा स्वार इथं आणून सोडला असता तर पहिल्या श्रावणात पायउतार झाला असता.

म्हणूनच इथलं राज्य कधी खोगिरावरून चाललं नाही. नागपूरकर भोसल्यांनी हा मुलूख घेतला, पण घेतला म्हणजे काय केलं? जंगलातल्या जमीनदाऱ्या होत्या तशाच राहू दिल्या. अहेरीसारखी अवाढव्य जमीनदारी, आणि तिच्या आजूबाजूला लहानमोठ्या कितीतरी. त्यांनी वर्षाकाठी ठरलेली टाकोली भरायची, बाकी रानात काय करायचं ते त्यांनी बघायचं. पुढे इंग्रजांनीही पुष्कळ काळ तेच धोरण ठेवलं. यात औदार्य कुणाचंच नव्हतं. घोडा जिथवर जाईल तिथवर राज्य, आणि त्यापुढे टाकोली.

पण भोसल्यांआधीच्या राजांकडेही बघायला हवं. चांद्याचे गोंड राजे हे इथले खरे धनी, आणि त्यांच्या मुख्य दंतकथेत घोडा आहे, फक्त तो मान खाली घालून आहे. खांडक्या बल्लाळशहा हा बल्लारपूरचा राजा. त्याच्या अंगावर गाठी उठलेल्या, कुठल्या औषधाला दाद देत नव्हत्या. शिकारीला घोड्यावरून हिंडताना तहान लागली म्हणून तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रात उतरला, एका भोकातून झिरपणारं पाणी प्यायला, त्यानंच हातपाय-तोंड धुतलं. त्या रात्री त्याला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली आणि सकाळी गाठी नाहीशा. राणीनं ती जागा दाखवायला लावली, तर गवताखाली दगडात गाईची पाच पावलं आणि त्यांत न आटणारं पाणी. तिथं अचलेश्वराचं देऊळ उभं राहू लागलं. काम बघून राजा एके दिवशी घोड्यावरून परतत होता, तो झुडपातून एक ससा निघाला, कपाळावर पांढरा ठिपका, आणि राजाच्या कुत्र्याच्याच मागं लागला. कुत्रा पुढे, ससा मागे! कधी मोठ्या वर्तुळात, कधी सरळ, कधी नागमोडी. राजा बघत मागोमाग गेला. शेवटी कुत्र्यानं उलटून सशाला मारलं. राणी म्हणाली, ज्या वाटेनं ही धाव झाली त्या वाटेवर तट बांध, आणि ससा मेला तिथला बुरूज चांगला पक्का कर, कारण शहराला धोका तिथूनच होईल.

ही कथा १८६९च्या जमाबंदीच्या अहवालात मेजर ल्यूसी स्मिथनं लिहून ठेवली आणि तेव्हापासून सगळे तीच सांगतात. सशानं कुत्र्याला पळवल्याच्या जागी शहर वसवण्याची कथा विजयनगरापासून अनेक राजधान्यांना चिकटलेली आहे, हेही खरं. मला तिच्यात आवडतो तो स्वार. राज्य स्थापणारा राजा घोड्यावर आहे आणि तरी तो कुणाचा पाठलाग करत नाही, कुणावर चालून जात नाही. बघतो. आणि घरी जाऊन बायकोला विचारतो. चंद्रपूरच्या, म्हणजे त्याच चांद्याच्या, जटपुरा दरवाज्यावर त्या घराण्याचं चिन्ह कोरलं आहे: हत्तीवर चढलेला सिंह. हत्ती आहे, सिंह आहे, घोडा नाही.

गोंडांच्या देवांमध्ये मात्र घोडा आहे. गोंडीत घोड्याला कोडा म्हणतात, आणि कोडापेन हा गावाबाहेरच्या ओबडधोबड दगडात राहतो. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत त्याच्या पूजेचं वर्णन आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी सगळा गाव जमायचा, परगावी गेलेलेही परत यायचे, आणि पुजारी त्या दगडापुढे मातीचा घोडा ठेवायचा. मागणं काय, तर आमच्या गाईबैलांना सांभाळ. घोड्याच्या देवाला बैल सांभाळायला सांगणारे लोक मला एकदम पटतात. ज्याचं काम ज्याला जमतं त्याला सांगावं, असा आपला शहाणपणा; पण ज्यांच्या दारात घोडा कधी बांधलेला नसतो त्यांच्या लेखी घोडा हा देवच, आणि देवानं नांगराची काळजी करायला हवी.

१७५१ साली रघूजी भोसल्यांनी चांदा खालसा केला. नीळकंठशहा हा शेवटचा गोंड राजा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत पडला आणि तिथंच त्याचा शेवट झाला. या सालाशी मी दर वेळी थबकतो, कारण त्याच साली, इथून कितीतरी दूर, रघूजींचं दुसरं एक प्रकरण मिटलं. बंगालचा नवाब अलिवर्दीखान यानं तह केला: दरसाल बारा लाख रुपये चौथाई, आणि ओडिशा व्यवहारात भोसल्यांच्या हाती. सुवर्णरेखा नदी ही हद्द. आणि बंगाली सन ११५८, म्हणजे तेच १७५१, हा आकडा आणखी एका कागदावर आहे, त्याच्याकडे येतो.

मुलचेरा तालुक्यात सुंदरनगर, विवेकानंदपूर, शांतिग्राम, खुदिरामपल्ली अशी गावं आहेत. नावांवरून कळतं, ही बंगाल्यांची वस्ती. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांना सरकारनं साठ-सत्तरच्या दशकांत तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात जंगल तोडून जमिनी दिल्या. बहुतेक नमशूद्र, नदीच्या, खाडीच्या, नावेच्या मुलखातले लोक. खुलना, जेसोर, बरिसाल, फरीदपूर. त्यांना आणून सागाच्या रानात सोडलं. त्यांनी पहिलं काय केलं असेल तर तळी खणली. आज बाजारात रोहू-कातला विकणारी टोपली बहुधा यांचीच असते, आणि इथल्या भाताच्या बांध्या बघितल्या की बंगाली शेत कुठलं ते माझ्यासारख्या परक्यालाही ओळखू येतं. बांध कसे ताठ, सरळ.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी, सगळे तिला दिदा म्हणतात, तिच्या ओसरीवर मी कधीमधी टेकतो. धाकट्या नातवाला मांडीवर थोपटत ती एक अंगाई म्हणत होती. बंगाली मला कामापुरतं कळतं. त्यात 'बोर्गी' हा शब्द आला आणि मी कान टवकारले. बंगालमधल्या घराघरांत म्हटली जाणारी ती प्रसिद्ध अंगाई आहे. तिच्यात बर्गी देशावर चालून येतात, पाखरं धान खाऊन जातात, आणि सारा कशानं भरायचा ही चिंता उरते. बर्गी म्हणजे आपले बारगीर. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळतं तो बारगीर, घरचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार, हा फरक बंगालला माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांना सगळेच बर्गी.

"सर, तुमीच ना ते?" दिदानं मला विचारलं. तिला हसू आवरेना. "रातीला येता, धान नेता."

मी म्हटलं, "दिदा, आमच्याकडे आता फक्त एक रिकीब उरली आहे, तीही लोणच्यावर."

हसण्यावारी नेलं खरं. पण घरी येऊन पुस्तकं काढली. रघूजींचे दिवाण भास्कर राम कोल्हटकर, म्हणजे भास्करपंत, १७४२च्या वसंतात पंचेतच्या डोंगरांतून बंगालमध्ये उतरले. बर्दवानला त्यांनी अलिवर्दीला कोंडीत धरलं. मे महिन्यात मुर्शिदाबादवर छापा घातला आणि जगत्सेठाची पेढी लुटली. कटव्याला तळ दिला. बंगालची भागीरथी पश्चिमेकडून ओलांडायची म्हणजे नावा हव्यात, आणि घोड्याला नावेत घालणं हा बारगिराचा धंदा नव्हे. त्यामुळं बहुतेक सगळा धुमाकूळ नदीच्या अलीकडे, राढ प्रांतात. पलीकडच्या कलकत्त्यात इंग्रजांनी १७४३ला आमच्या भीतीनं खंदक खणायला घेतला. पुरा झालाच नाही, आणि बर्गी तिथवर गेलेच नाहीत. पुढे १७९९मध्ये तो बुजवून सर्क्युलर रोड केला. न आलेल्या घोड्यांसाठी खणलेल्या खंदकावरून आज ट्रॅफिक वाहतो.

शाळेत आपण हे किती शिकतो? 'अटकेपार' एका दमात येतं. बंगालवरच्या स्वाऱ्यांना एक वाक्य, तेही चौथाईच्या हिशेबाचं. टोल्किनचे रोहनवाले पुस्तकं लिहीत नाहीत, गाणी रचतात. आपल्या स्वारांचं उलट: पोवाडे आहेत, पण त्याहून कितीतरी जास्त मोडीतले रुमाल आहेत, जमा-खर्चाचे, पागेचे, तैनातीचे. घोड्याच्या नालापासून हरभऱ्यापर्यंत सगळं लिहिलेलं. गाणं मात्र आपल्यावर दुसऱ्यांनी केलं, आणि ते पाळण्याशी म्हणायचं.

त्या दुसऱ्यांपैकी एक गंगाराम. त्याचं 'महाराष्ट्र पुराण' हे बंगाली काव्य. हस्तलिखितावर तो सन ११५८ आहे. मी ते इंग्रजी भाषांतरातून वाचलं, १९६५ साली एडवर्ड डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांनी केलेल्या. गंगाराम सुरुवात करतो पुराणाच्या थाटात: पृथ्वीवर पाप फार झालं, म्हणून शंकरानं नंदीकरवी शाहूराजाच्या मनात प्रेरणा घातली आणि मराठे बंगालवर आले. म्हणजे आम्ही देवाच्याच आज्ञेनं! पण मग त्यांनी जे केलं ते बघून पार्वती चिडली आणि नवाबाच्या बाजूला गेली. मधली पानं वाचवत नाहीत. कापलेले हात, नाक-कान, पेटवलेली गावं, बायकांचे हाल. मराठी माणूस म्हणून ती पानं उलटताना मनात वकील जागा होतो. नवाबाकडचा कवी असेल, वाढवून लिहिलं असेल, युद्धात असं सगळेच करत. या वकिलाला मी आता ओळखतो. तो प्रत्येक राज्याच्या पदरी असतो आणि त्याला पगार पुरत नाही, म्हणून तो फुकटही काम करतो.

गंगारामचा एक तपशील मात्र कुठल्याच वकिलाला खोडता येणार नाही, कारण त्यात आरोपच नाही. लोक पळताहेत. ब्राह्मण पंडित पोथ्यांची ओझी घेऊन, सोनार तराजू-वजनं घेऊन, कोळी जाळी आणि गळ घेऊन. जो तो आपल्या धंद्याचं हत्यार छातीशी धरून. वाटेत कुणी विचारतं, अरे, बर्गी पाहिले का तुम्ही? ते म्हणतात, डोळ्यांनी नाही पाहिले. सगळे पळतात म्हणून आम्हीही पळतो.

भास्करपंतांनी १७४२च्या नवरात्रात कटव्याजवळ थाटात दुर्गापूजा मांडली होती. आसपासच्या जमीनदारांना सामान आणायला लावलं होतं. स्वदेशी असते तर त्या दिवसांत आमच्याकडे घोडे धुऊन, अंगावर झूल घालून, झेंडूच्या माळा बांधून दसऱ्याची तयारी चालली असती. दसरा झाला की मुलूखगिरी. अलिवर्दीनं भर पूजेत, २७ सप्टेंबर १७४२च्या पहाटे, नदी ओलांडून तळावर झडप घातली. पूजा तशीच टाकून पंतांना निघावं लागलं. दीड वर्षानं, ३१ मार्च १७४४ला, बोलणी करायची म्हणून मनकऱ्याच्या छावणीत बोलावून नवाबानं त्यांना आणि त्यांच्या बरोबरच्या सरदारांना तंबूतच कापून काढलं. दगा नवाबाचाही होताच. त्यानं हिशेब फिटत नाही, पण तो लिहायला हवा.

मुलचेऱ्याच्या बंगाली गावांमध्ये दुर्गापूजा अजूनही मोठी होते. बांबूचा मंडप, गवत-मातीची मूर्ती, ढाक. त्या दिवसांत पंजिका उघडून पुरोहित सांगतो, यंदा देवी कशावर बसून येणार. हे सप्तमीच्या वारावर ठरतं. रविवार-सोमवार असेल तर हत्ती, गुरुवार-शुक्रवार असेल तर पालखी, बुधवार असेल तर नाव, आणि शनिवार-मंगळवार असेल तर घोडा. हत्तीवर आली तर पीकपाणी चांगलं. घोड्यावर आली तर छत्रभंग. राज्यात उलथापालथ, माणसं उधळली जाणार. हा संकेत जुना आहे, बारगिरांशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह आवरलेला बरा. तरी त्याच दसऱ्याला आमच्या गावी घोड्याच्या कपाळाला कुंकू लागतं आणि इथं 'घोडा' असं पुरोहितानं म्हटलं की बायका एकमेकींकडे बघतात, हे दोन्ही मी पाहिलं आहे.

बांकुड्याकडच्या धर्मठाकुरालाही मातीचे घोडे वाहतात, कोडापेनसारखेच. आणि तिथून जवळच्या विष्णुपुरात सांगतात, बर्गी आले तेव्हा मदनमोहन देवानं स्वतः दलमादल तोफेला बत्ती दिली. ज्या देवापुढे घोडा ठेवायचा आणि ज्या देवानं घोडा अडवायचा, दोघंही एकाच पंचक्रोशीत.

दिदाला मी एकदा विचारलं, तुमच्या खुलन्याकडे बर्गी आले होते का? मला उत्तर ठाऊक होतं. भागीरथीच्या पलीकडे, त्याच्याही पलीकडे, इतक्या पाण्यातून कुठला बारगीर जातो. तीही हेच म्हणाली. "तिथं घोडा कुठून येणार, सर? तिथं गाय पण नावेनं नेतो. बर्गी नाही आला. गाणं आलं."

"मग तुम्ही ज्यांच्यामुळं इथं आलात, त्यांचं गाणं?"

ती नातवाच्या पाठीवर थोपटत राहिली. मग म्हणाली, "ते शेजारी होते. शेजाऱ्याचं गाणं कसं म्हणणार?" आणि लगेच आत हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.

मला वाटतं, घोडेस्वारांचं राज्य हे नेहमी दुरून घडतं. दुरून ते भव्य होतं, किंवा दुरून ते भीषण होतं. ज्यांनी नुसतं ऐकलं त्यांनी अंगाई केली आणि ज्यांच्या घरात नुसती रिकीब उरली त्यांनी तिला पानिपतचं रक्त लावलं. प्रत्यक्ष बारगीर बिचारा दोन्हीकडे नाही. तो सरकारी घोड्यावर बसलेला, पगार थकलेला, घरी कर्ज असलेला माणूस. लूट आणली नाही तर पागेचं भागत नाही आणि आणली तर तिच्यातला वाटा वर जातो. त्याला सुटका देत नाही मी. पेटवलेलं घर पेटवलेलंच. पण पुतळ्याखालचा घोडा बघताना आता मला त्याच्या तोबऱ्यातला हरभरा आठवतो, आणि तो हरभरा कुणाच्या शेतातला असेल हेही.

रोहनकडे पुन्हा वळतो, कारण त्या कादंबरीत एक प्रकरण आहे जे मी साताऱ्यात वाचलं असतं तर भरभर उलटलं असतं. रोहनचा राजा थेओडेन सहा हजार स्वार घेऊन गोंडोरच्या मदतीला निघाला आहे. मोठा रस्ता शत्रूनं अडवला आहे. वाटेत ड्रूआदान नावाचं रान, आणि रानात माणसं राहतात: बुटकी, उघडी, गवताचा कमरपट्टा नेसलेली. स्वार त्यांना माणसांत धरत नाहीत. त्यांचा म्होरक्या घान-बुरी-घान राजाला भेटतो. तो गावंढळ वाटतो, पण त्यानं शत्रू मोजलेला आहे, राजाचे स्वारही मोजलेले आहेत, आणि विस्मरणात गेलेली एक जुनी गाडीवाट त्याला माहीत आहे. ती तो दाखवतो. सहा हजार घोडी त्या रानातून, त्याच्या पायांमागून जातात. पुढची लढाई, शिंगं, सूर्योदयाच्या वेळची ती प्रसिद्ध धाव, सगळं त्याच्या जिवावर. बदल्यात राजा मोठं बक्षीस देऊ करतो. तो संपत्ती मागत नाही. म्हणतो, आम्हाला रानात राहू द्या आणि जनावरांसारखी आमची शिकार करू नका.

म्हणजे तोवर करत होते! हे थोर, गोरे, गाणी म्हणणारे स्वार सवड मिळेल तेव्हा रानातल्या माणसांची शिकार करत होते. टोल्किननं हे ओघात सांगून टाकलंय आणि पुढे गेलाय. आणि एओर्लला जो मुलूख तोडून दिला, त्याच्या कडेचे डोंगरी लोक, डनलंडवाले, हे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत राहतात की जमीन आमची होती. त्यांना पुस्तकात खलनायकाकडे नोकरी मिळते. देणारा दूरचा, घेणारा दूरचा, जमीन तिसऱ्याची. दिदाच्या शांत, सरळ बांधांच्या शेताबद्दलही जवळच्या गोंड गावातला म्हातारा हेच बोलतो, पण तो दिदाला बोलत नाही, सरकारला बोलतो, आणि दिदाकडची मासळी घेतो. त्याचं म्हणणं खरं आहे, आणि दिदाला दुसरीकडे जागा नव्हती हेही खरं आहे.

गोंडोरचा नवा राजा शेवटी ड्रूआदानचं रान घान-बुरी-घानच्या लोकांना कायमचं देतो. त्यांच्या परवानगीशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही. आपल्याकडे असं म्हणायला २००६चा वनहक्क कायदा यावा लागला, आणि याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९मध्ये सामूहिक हक्क मिळाला तेव्हा ती देशभर बातमी झाली.

हे प्रकरण मी एका रिकाम्या तासाला वर्गात सांगितलं. घोड्यांची धाव अशी रंगवली की दोन्ही रोहन बाकावर उभे राहिले. दिदाच्या नातीनं विचारलं, इतके घोडे रानातून गेले तर त्या लोकांच्या शेताचं काय झालं? मी म्हटलं, शेत नव्हतं त्यांचं. ती म्हणाली, मग खात काय होते? मागच्या बाकावरचा एक माडिया मुलगा एरवी तासाला तोंड उघडत नाही. त्यानं हात वर केला.

"सर, त्या राजानं जंगल दिलं म्हणता. पट्टा दिला का?"

मी पुस्तक काढून त्या पानावर गेलो. शिंगं वाजतात, रानातून ढोलांचा आवाज येतो, राजाचे हरकारे पुढे होऊन मोठ्यानं सांगतात की हे रान आता तुमचं. कागदाचा उल्लेख नाही.

"दवंडी दिली," मी म्हटलं.

"मग पटवारी मानणार नाही," तो म्हणाला आणि खाली बसला.